लाल ठिपक्याचे साठ खेकडे

वाहत्या नाल्यात हात घालून आत खेकडे किती आहेत हे सांगू पाहणारा माणूस साऱ्या वर्धा जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो माझा मामेसासरा होता. त्यांच्याबद्दल लिहा, असं घरच्यांनी मला अनेकदा सुचवलं. लग्नकार्यात चार माणसं जमली की कोणीतरी मामाजींचा एखादा किस्सा काढतं, सगळे हसतात आणि मग माझ्याकडे वळून म्हणतात, ‘तुम्ही तर त्यांच्यासोबत पाण्यात उतरलेले, तुम्ही सांगा.’ मी हसतो, प्यायला पाणी मागतो आणि विषय बदलतो. इतकी वर्षं मी हेच करत आलो. कारण मामाजींची कुठलीही गोष्ट सांगायला घेतली, की ती सरकत सरकत हिंगणीच्या नाल्यावरच्या रपट्यापाशी येते, आणि तिथं मी उभा असतो. आता ऐंशी ओलांडली. मला जाब विचारावा अशी माणसं मागे उरली नाहीत. तेव्हा सगळं सांगून टाकतो; गमतीचं गमतीसारखं आणि उरलेलं जसं घडलं तसं.

मामाजी कापसाचे पारखी होते. दिवाळीनंतर वर्ध्याच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागायची आणि मामाजी धोतर वर खोचून, अंगात काळा कोट चढवून त्या रांगेतून फिरायचे. गाडीपाशी आले की उजवा हात खांद्यापर्यंत कापसात खुपसायचा, तळातून एक मूठ काढायची, दोन बोटांत धागा ओढून पाहायचा आणि सगळ्या गाडीचा दर्जा एका वाक्यात सांगून पुढे जायचं. वरच्या कापसाकडे ते ढुंकूनही पाहत नसत. ‘वरचा कापूस पाहुण्यायसाठी असते,’ म्हणायचे. ‘घरचा कापूस खाली असते.’ वजन वाढावं म्हणून कोणी तळाला पाणी मारलेलं असलं, तर मामाजी एक शब्द बोलत नसत. आपला ओला हात त्या गाडीवाल्याच्याच दुपट्ट्याला शांतपणे पुसत. तो माणूस पुढची दोन वर्षं रांगेत तोंड लपवून उभा राहायचा. मामाजींचा हात चुकला, असं बाजारात कोणी म्हणालेलं मी ऐकलं नाही. त्यांनी स्वतःही कधी ऐकलं नसावं, आणि म्हणूनच ते एवढे ताठ चालायचे.

ही सवय बाजारापुरती राहिली असती तर बरं होतं. पण मामाजींना सारं जगच एक भरलेली गाडी वाटे. लग्नाच्या पंगतीत लाडवांची परात आली, की हे तळाचा लाडू काढणार आणि यजमानाच्या देखत सांगणार, ‘वरचे तुपातले, खालचे तेलातले.’ किराणा दुकानदार त्यांना लांबून येताना पाहिलं की आपणहून तुरीचं पोतं उलटं करून ठेवायचा. एकदा ते माझ्या शाळेत आले. मी हौसेनं तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा पुढे केला. त्यांनी तळाची वही ओढली, एक पान उलटलं आणि म्हणाले, ‘मास्तर, या वर्गाले भागाकार येत नाई.’ खरोखरच येत नव्हता. माझं लग्न ठरताना मुलीकडची मंडळी मला पाहायला आली, तेव्हा बाकीच्यांनी पगार विचारला, शेती विचारली. मामाजींनी काहीच विचारलं नाही. माझा हात हातात घेतला, अंगठ्यानं तळवा दाबला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, ‘धागा मध्यम. ओल नाई. कवडी असन थोडी, पन तेवढी चालते.’ कवडी म्हणजे किडका कापूस. लग्न ठरलं. ‘थोडी’ हा त्यांचा अंदाज मात्र कमी पडला, हे पुढे कळेलच.

लग्नानंतर माझी बदली हिंगणीच्या शाळेत झाली. मामाजींचं घर तिथंच. कापसाचे चार-पाच महिने सोडले तर ते मोकळेच असत, आणि मोकळ्या मामाजींच्या तडाख्यात सापडणं म्हणजे काय, ते माझ्या बायकोनं मला आधीच सांगून ठेवलं होतं. गावात पार्बता नावाची एक ढिवरीण होती. नाल्यातले खेकडे धरून सेलूच्या बाजारात नेणं हा तिचा पिढीजात धंदा. एक दिवस ती मामाजींच्या ओसरीसमोर टोपली उतरवून थांबली.

‘भाऊ, पाहा बरं. आंगठ्याएवढे खेकडे येऊन राह्यले आता. मोठे गेले कुठं?’

‘असतीन न बाई दगडाखाली. जातीन कुठं?’

‘तुमी गाडीत हात घालून सांगता न? मंग नाल्यात घालून सांगा, हायेत का सरले. का कापसातच चालते तुमचा हात?’

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी गुडघाभर पाण्यात उभे, अंगात काळा कोट. कोट काढा म्हटलं तर म्हणाले, ‘काऊन? कामावर हावो मी.’ त्या दिवसापासून काही महिन्यांतच हिंगणीच्या नाल्यातल्या एकेका दगडाशी त्यांची ओळख झाली. सारा गाव खेकडे धरायला अंधारात कंदील घेऊन जायचा. मामाजी सकाळच्या उन्हात जायचे, कारण काळोखात केलेली पारख ही पारख नव्हे. खेकडा उलटा केला की पोटावरची झडप रुंद असली तर मादी, अरुंद असली तर नर, हे त्यांनीच मला दाखवलं. मादीला ते ‘बाई’ म्हणत आणि नराला ‘बुवा’. झडपेखाली पिल्लं घेतलेली मादी हाताला लागली, तर स्वतः मान फिरवत आणि मलाही फिरवायला लावत. ‘बाई लेकुरवाळी हाय. असं पाहू नोका.’ मग न बघता, चाचपडत, तिला होती त्याच दगडाखाली सोडत. एकदा एका बुवानं त्यांचं बोट धरलं. मी ओरडलो. मामाजी म्हणाले, ‘वढू नोका. वढलं तं तो आवळते. उभं राहाचं. त्याले कंटाळा आला का सोडते.’ नेमके तेव्हा काठावरून तालुक्याचे एक साहेब चालले होते. मामाजींनी खेकडा लोंबत असलेल्या हातानंच त्यांना नमस्कार केला आणि पाऊसपाण्यावर चांगलं पाव घटका बोलले. साहेब सारखे त्या बोटाकडे पाहत होते. मामाजींनी तिकडे एकदाही पाहिलं नाही. आणि मोजणी सुरू झाल्यापासून त्यांनी खेकड्याचा रस्सा कायमचा सोडला. पूर्वी तो त्यांचा जीव की प्राण होता. म्हणायचे, ‘जे मोजाचं ते खाऊ नाई. जिभेले पाणी सुटलं का हात जास्त मोजते.’

पण कापूस जागचा हलत नाही, खेकडे हलतात. नुसत्या मुठीनं भागेना. यावर मामाजींनी जी युक्ती काढली ती कुठल्या पुस्तकातली नव्हती, आमच्या स्वयंपाकघरातली होती. त्यांनी माझ्या बायकोच्या ज्वारीच्या डब्यात साठ तुरीचे दाणे टाकले, डबा खदखदा हलवला आणि एक मूठ बाहेर काढली. ‘मुठीत तूर जास्त निघाली तं डबा लहान. कमी निघाली तं डबा मोठा. साठ खेकड्याले रंग लावाचा, सोडून द्याचं, दहा दिवसानं पुन्हा साठ धराचे, अन् त्यातले रंगाचे मोजाचे. बाकी गणित मास्तर करतीन.’ गणित साधं त्रैराशिकाचं होतं. ते मला येत होतं. ‘पन डबा हालवला पायजे,’ ते बोट वर करून म्हणाले. ‘तूर एका कोपऱ्यात अन् मूठ दुसऱ्या कोपऱ्यात, असं झालं तं डबा खोटं बोलते.’

‘आन् हे दाणे आता वेचन कोन, मामाजी?’ बायकोनं विचारलं.

‘जवाईबुवा वेचतीन.’

मी वेचले. अठ्ठावन्न सापडले. उरलेले दोन कुठं गेले ते कळलं नाही. जात्यातच गेले असावेत.

त्याच सुमाराला शहरातला एक ठेकेदार सगळा नाला मागू लागला. त्याला खेकडे पोत्यांनी न्यायचे होते. ढिवरांच्या बायकांचं म्हणणं, वरचा अर्धा नाला पावसाळाभर कोणीच धरू नये, अगदी आम्हीसुद्धा नाही. लेकुरवाळ्या माद्या तिथं राहू द्याव्यात, म्हणजे खालचा अर्धा आम्हाला जन्मभर पुरेल. विकास गटाचे साहेब चावडीवर येऊन दोन्ही बाजू ऐकून गेले. म्हणाले, ‘खेकडे कमी असतील तर वरचा नाला बंद करू आणि ठेकेदाराला परत पाठवू. भरपूर असतील तर त्याला नाही कशाला म्हणायचं? आहेत किती ते सांगा.’ सगळ्या गावानं मामाजींकडे पाहिलं. मामाजींनी कोटाची बटणं लावली.

पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल रंग घरोघरी होताच. नवरात्रात नाल्याचं पाणी निवळल्यावर दहा ठिकाणांहून सहा-सहा खेकडे धरून मामाजींनी प्रत्येकाच्या पाठीवर तर्जनीनं एक ठिपका दिला. दहा मडक्यांत दहा ठिकाणचे खेकडे. कुठलं मडकं कुठल्या दगडापाशी रितं करायचं ते खडूनं लिहिलेलं. रंग वाळला आणि एवढ्यात नालवाडीहून सांगावा आला, की त्यांची मुलगी बाळंतपणाला अडली आहे. मामाजी कोट घालून तयारच होते. दारात थांबून म्हणाले, ‘जवाईबुवा, आजच सोडजा यायले. उद्यावर गेलं तं मरतीन. अन् ज्याचा दगड त्याले. कोसभर चालनं हाय, पन तुमच्याशिवाय कोनाले सांगू?’

माझी बायको तेव्हा माहेरी, वडनेरला गेलेली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दसरा. मी कावड खांद्यावर घेऊन नाल्यावर गेलो, तर रपट्यावर, म्हणजे पावसाळ्यात वरून पाणी जाणाऱ्या त्या ठेंगण्या पुलावर, सेलूला निघालेली बैलगाडी उभी. गाडीवान ओळखीचा. ‘मास्तर, वडनेरले जाचं म्हनत होते न? चाला, सेलूची मोटार सापडन. पन आताच चाला.’ मी नाल्याच्या वरच्या अंगाला पाहिलं. कोसभर ऊन, काटे आणि गोटे. खाली रपट्याच्या उथळ पाण्याकडे पाहिलं. मनाशी म्हटलं, खेकड्यांना पाय आहेत, जातील आपापल्या घरी. आणि दहाच्या दहा मडकी तिथंच ओतून मी गाडीत उडी मारली. वडनेरला पोचलो तेव्हा मी जगातला सगळ्यात सुखी माणूस होतो. हे लपवण्यात अर्थ नाही.

परत आलो त्या संध्याकाळी गावचा शिंपी माझ्याकडे आला, इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, ‘मास्तर, एक गोष्ट सांगतो, मामाजीले सांगजा नोका. दसऱ्याच्या आदल्या दिवशी रपट्यावर खेकडेच खेकडे! अन् सगळ्यायच्या पाठीवर लाल टिकली. म्या धोतरात भरून नेले. तं बायको म्हने, कुंकू लावलेल्या सवाशिनी म्या नाई रांधत. म्हनून वरचं टरफल काढून म्याच रांधले. उरलेले बगळ्यायनं नेले. मामाजीचे होते का बाप्पा?’ मी त्याला म्हणालो, कोणाला सांगू नकोस. त्यानं सुटकेचा श्वास टाकला. त्याला वाटलं मी त्याला वाचवतो आहे.

दोन दिवसांनी मामाजी नातवाचे पेढे घेऊन परतले. पेढ्यांच्या खोक्यातही खालूनच हात घातला आणि तळाचा मला दिला. मग विचारलं, ‘सगळे आपापल्या दगडाखाली सोडले न?’

‘हो मामाजी.’

दहा दिवसांनी ते, मी आणि पार्बता पाण्यात उतरलो. साठ खेकडे धरायला सकाळपासून दुपार झाली. पूर्वी एका दगडाखाली दोन मिळत, आता पाच दगडांत एक मिळत होता. पार्बता चेष्टेनं म्हणाली, ‘भाऊ, दगडंच मोजून घ्या आता, लवकर होईन.’ साठातले लाल ठिपक्याचे निघाले दोन. मामाजींचा अंदाज होता दहा-बारा तरी निघतील, म्हणजे साऱ्या नाल्यात तीनशेच्या आसपास खेकडे. मी काठावर बसून पाटीवर त्रैराशिक मांडलं. अठराशे आले. मामाजींनी पुन्हा मांडायला लावलं. पुन्हा अठराशे. त्यांनी आपला उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाले, ‘माहा हात तं म्हनून राह्यला का नाला रिता हाय. जवाईबुवा, कात टाकली असन का त्यायनं? ठिपका कातीसंगं गेला असन तं?’

देवानं मला इतकं सरळ दार उघडून दिलं होतं. ‘असेल मामाजी, पुन्हा मोजू,’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण पुन्हा मोजायचं म्हणजे गावात चर्चा, चर्चेत शिंपी, आणि शिंप्यामागून मी. मी म्हणालो, ‘दहा दिवसांत साठ खेकडे एकदम कात कशी टाकतील? तुम्हीच तर म्हणाला होता, वर्षात एखाद्या वेळीच टाकतात.’

‘व्हय,’ ते म्हणाले. ‘म्याच म्हनलो होतो.’

चावडीवर साहेब आले, ठेकेदार आला, ढिवरांच्या बाया दाराशी बसल्या. मामाजी उभे राहिले. त्यांना तीनशे म्हणता आलं असतं. तो आकडा कोणी तपासणार नव्हतं, आणि त्यांच्या मनानं तोच खरा होता. पण गाडी उलटी निघाली तरी दर्जा खराच सांगायचा, हा त्यांचा बाजारातला धर्म. ते म्हणाले, ‘साहेब, माह्या मनात वेगळं होतं. पन मोजनीत अठराशे निघून राह्यले. खेकडे भरपूर हायेत.’

पार्बता दाराशीच उठून उभी राहिली. ‘भाऊ, मंग माह्या टोपलीले काऊन नाई समजत हे?’

मामाजींनी मान खाली घातली. ‘मोजनी ते मोजनी, बाई.’

मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. पाटी माझ्या हातात होती.

ठेकेदाराच्या माणसांनी पहारी लावून दगड उलथले, वरचे आणि खालचेही. दोन पावसाळे गेले आणि नाल्यात खेकडा म्हणून दाखवायला उरला नाही. पार्बता टोपली सोडून निंदणीला जाऊ लागली. ती रस्त्यात भेटली तर मामाजींना काही बोलत नसे, नुसती पदर ओढून बाजूनं जायची, आणि ते मामाजींना शिव्यांपेक्षा लागत असावं. त्या वर्षी बाजारात मी त्यांना पाहिलं. हात गाडीत खांद्यापर्यंत घातला, मूठ काढली, धागा ओढला आणि थांबले. पुन्हा हात घातला. पुन्हा काढला. मागचे गाडीवाले हाका मारू लागले. शेवटी शेजारच्या तरण्या पारख्याला त्यांनी विचारलं, ‘तुले काय वाटते रे?’ इतक्या वर्षांत मामाजींनी असं कोणाला विचारलं नव्हतं. तो हंगाम संपायच्या आत त्यांनी काम सोडलं. घरी विचारलं तर एवढंच म्हणाले, ‘हात खोटा झाला माहा. लोकायच्या घामाचा माल हाय, खोट्या हातानं काऊन शिवू?’

माझ्या बायकोला मी दोन मुलं झाल्यावर खरं सांगितलं. ती रागावली नाही. तिनं फक्त विचारलं, ‘माह्यासाठी केलं होतं म्हनता? मंग मले पुढं करून का होईना, सांगून टाका मामाजीले.’ मी म्हणालो, सांगतो. दिवाळीला गेलो, सांगितलं नाही. नातवाच्या मुंजीत भेटलो, माणसं फार होती. एकदा तर त्यांच्या ओसरीत आम्ही दोघंच तासभर बसलो होतो आणि मी त्यांना शाळेच्या नव्या इमारतीची हकीकत सांगत राहिलो.

शेवटी ते नालवाडीला मुलीकडे राहायला गेले आणि तिथं अंथरुणाला खिळले. मी एकटाच गेलो. वर्ध्याला मोटारीतून उतरल्यापासून त्यांच्या दारापर्यंत एकच वाक्य मनात घोकत गेलो, पोरं पाढे घोकतात तसं. मामाजी जागे होते. मला पाहून उठायला लागले, जावई आला म्हणून. मी त्यांना निजवलं. मुलगी चहा ठेवायला आत गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले,

‘जवाईबुवा, एक इचारू का? तुमाले गनित येते म्हनून इचारतो. त्या वर्षी मोजनीत मी कुठं चुकलो असन? लय इचार केला. नाई सापडून राह्यलं.’

आतून कपबशा वाजल्या. मी म्हणालो, ‘जुनं झालं ते, मामाजी.’

‘व्हय,’ ते म्हणाले. ‘जुनं झालं.’ आणि त्यांनी डोळे मिटले. चहा आला, मी घेतला, आणि निघालो. पंधरा दिवसांनी ते गेले.

त्यांनी मला साधा प्रश्न विचारला होता, आणि उत्तर मी वाटभर घोकत आणलं होतं. ते असं होतं: मामाजी, तुम्ही कुठंच चुकला नाहीत. तुमचे साठही खेकडे मी रपट्यावर ओतले आणि तुमच्याशी खोटं बोललो. नाला खरोखरच रिता होता. मला माफ करा.